हंगामातच उडणारा काट्याचा प्रोग्राम : डॉट नेटमधून कॉल होणाऱ्या डीएलएलमधील क्रॅश कसा शोधावा

नागपुरात कळमना बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावरील एका खासगी धरमकाट्यावर आमचा वजनाचा प्रोग्राम चालतो. तो सी शार्पमध्ये लिहिलेला, डॉट नेट फ्रेमवर्क ४.८ वर चालणारा ३२ बिटचा विंडोज प्रोग्राम आहे. काट्याच्या इंडिकेटरकडून (वजन दाखवणाऱ्या पेटीकडून) सिरियल पोर्टवर येणारे वजन तो स्वतः वाचत नाही. ते काम इंडिकेटर पुरवणाऱ्या कंपनीने दिलेली सी प्लस प्लसमधील डीएलएल (दुसऱ्या प्रोग्रामने वापरायची कोडची फाइल) करते, आणि नवे वजन आले की आम्ही सुरुवातीला तिच्याकडे नोंदवून ठेवलेले आमचे फंक्शन ती सेकंदाला सुमारे दहा वेळा कॉल करते. पुढचे सारे, म्हणजे आकडा स्थिर झाला की कॅमेऱ्यातून गाडीचा फोटो घेणे, ग्रॉसमधून (भरल्या गाडीच्या वजनातून) टेअर (रिकाम्या गाडीचे वजन) वजा करून नेट (मालाचे वजन) काढणे आणि पावती छापणे, हे आमच्या कोडचे काम आहे.

या प्रोग्रामला एक दुखणे होते. कोणतीही सूचना न देता त्याची खिडकी नाहीशी होत असे. आमच्या नोंदवहीच्या फाइलमधील शेवटची ओळ अगदी साधी, नेहमीची असे. प्रत्येक महत्त्वाच्या फंक्शनभोवती अपवाद पकडण्याची सोय होती, पण त्या सोयीपर्यंत काहीही पोहोचत नव्हते. काटेवाल्या भाऊंचा फोन येई : "साहेब, ट्रॉली काट्यावर उभी हाये अन् प्रोग्राम पुन्हा बंद पडला जी." काटोल-नरखेडकडून संत्री घेऊन आलेला शेतकरी रांगेत ताटकळत असतो, मागे दहा गाड्या हॉर्न वाजवत असतात आणि आपण फोनवर फक्त "पुन्हा चालू करा" एवढेच सांगू शकतो, ही स्थिती मला फार लागली. म्हणून या दुखण्याच्या मुळाशी जाताना जे हाती आले ते येथे सविस्तर लिहीत आहे. डॉट नेट, जावा किंवा पायथन, कोणत्याही मॅनेज्ड (ज्याची मेमरी त्याला चालवणारा रनटाइम सांभाळतो अशा) प्रोग्राममधून नेटिव्ह (थेट यंत्रावर चालणारा, मेमरी स्वतः सांभाळणारा) कोड कॉल करणाऱ्यास यातील बराच भाग लागू पडेल. तपशील मात्र विंडोज आणि डॉट नेटचे आहेत.

उन्हाळ्यावर घेतलेला आळ

सुरुवातीला सर्वांचे बोट उन्हाकडे गेले. काट्याची खोली पत्र्याची आहे, आणि नागपूरचा मे महिना कसा असतो हे वेगळे सांगायला नको. संगणकाचा पंखा बदलला, मेमरीची पट्टी बदलली, सिरियल केबल नवी टाकली, यूपीएस बसवला. दुखणे तसेच राहिले. मग मी भाऊंना एक साधी विनंती केली की, प्रोग्राम बंद पडला की लगेच भिंतीवरच्या वहीत तारीख, वेळ आणि त्या क्षणी काय चालले होते एवढे लिहावे. त्यांनी ते मनापासून केले. वर्षभराने ती वही पाहिली तेव्हा दोन गोष्टी उघड दिसल्या. पहिली म्हणजे, ज्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर गेला होता त्या महिन्यात प्रोग्राम एकदाही पडला नव्हता. तो पडत होता तो मृग बहाराची संत्री येतात त्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि पुढे आंबिया बहाराच्या दिवसांत. दुसरी म्हणजे, जवळजवळ प्रत्येक नोंदीपुढे "फोटोनंतर" असा शब्द होता.

तापमानाशी ज्याचा संबंध नाही पण गाड्यांच्या संख्येशी आहे, असा दोष हार्डवेअरमध्ये शोधत बसण्यात अर्थ नाही. तो मेमरीच्या हिशेबात शोधावा लागतो. ही वही आमच्या हाती आलेली पहिली खरी वस्तू होती, आणि तिच्यासाठी एक रुपयाचाही खर्च आला नव्हता.

कोडला हात लावण्याआधी पुरावा

असा क्रॅश आला की कोड उघडून अंदाजाने दुरुस्त्या करण्याचा मोह होतो. तो टाळावा. नेटिव्ह कोडमध्ये मेमरी एका जागी बिघडते आणि प्रोग्राम कोसळतो तो कित्येकदा बऱ्याच वेळाने, अगदी वेगळ्या जागी. अंदाजाने केलेल्या दुरुस्तीमुळे मेमरीची मांडणी किंचित सरकते, क्रॅश काही दिवस थांबतो आणि दोष गेला असे वाटते. आमच्याकडे असे दोनदा झाले.

पहिली पायरी विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरची. ॲप्लिकेशन विभागात "ॲप्लिकेशन एरर" या स्रोताची १००० क्रमांकाची नोंद शोधावी. तिच्यात कोसळलेल्या प्रोग्रामचे नाव, ज्या मॉड्यूलमध्ये (एक्झी किंवा डीएलएल फाइलमध्ये) तो कोसळला त्याचे नाव, अपवादाचा सांकेतिक क्रमांक आणि त्या मॉड्यूलच्या आरंभापासूनचे अंतर दिलेले असते. सी००००००५ हा क्रमांक म्हणजे ज्या पत्त्यावर जाण्याचा अधिकार नाही तेथे केलेला प्रवेश. सी००००३७४ म्हणजे नेटिव्ह हीप (नेटिव्ह कोड ज्यातून मेमरी घेतो तो साठा) बिघडल्याचे विंडोजच्या लक्षात आले आहे. शेजारीच "डॉट नेट रनटाइम" या स्रोताची १०२६ क्रमांकाची नोंद असेल, तर न पकडलेला मॅनेज्ड अपवाद आहे, आणि १०२३ असेल, तर खुद्द रनटाइमच आतून मोडला आहे. हा १०२३ पुढे आपल्याला पुन्हा भेटणार आहे. आमच्या नोंदीत क्रमांक सी००००००५ होता, आणि मॉड्यूलच्या जागी चक्क "अननोन" असे लिहिलेले होते.

दुसरी पायरी क्रॅश डम्पची. विंडोज एरर रिपोर्टिंगला असे सांगून ठेवता येते की, अमुक प्रोग्राम कोसळला की त्याच्या संपूर्ण मेमरीची प्रत एका फोल्डरमध्ये जपून ठेवावी. त्यासाठी रजिस्ट्रीच्या लोकल मशीन भागात, विंडोज एरर रिपोर्टिंगच्या खाली "लोकल डम्प्स" नावाची की (रजिस्ट्रीतील कप्पा) बनवावी, तिच्या आत आपल्या एक्झी फाइलच्या नावाची की बनवावी, आणि त्यात डम्प फोल्डर, डम्प काउंट व डम्प टाइप ही मूल्ये द्यावीत. डम्प टाइप २ ठेवावा, कारण १ म्हणजे मिनी डम्प, आणि त्यात मॅनेज्ड हीप पूर्ण येत नसल्याने पुढचे निम्मे शोधकाम अडते. काही नवे सॉफ्टवेअर बसवावे लागत नाही, त्यामुळे ग्राहकाच्या संगणकावर ही सोय करताना कोणी हरकत घेत नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात असू द्यावी, कारण तिच्यामुळे माझा एक अख्खा दिवस गेला. ६४ बिटच्या विंडोजवर ३२ बिटचा प्रोग्राम अडकलेला असताना नेहमीच्या टास्क मॅनेजरमधून डम्प काढला, तर तो ६४ बिटच्या नजरेने काढलेला असतो आणि त्यावर डॉट नेटची एसओएस ही डिबगरची जोड चालत नाही. सिसवाव६४ फोल्डरमधील टास्क मॅनेजर वापरावा, किंवा सिसइंटर्नल्सच्या प्रॉकडम्प या साधनाने डम्प घ्यावा. वर सांगितलेल्या लोकल डम्प्सच्या मार्गाने मिळालेला डम्प योग्य त्याच बिटचा असतो.

ग्राहकाला दिलेल्या प्रत्येक आवृत्तीच्या पीडीबी फाइली (पत्त्यांना फंक्शनची नावे जोडून देणाऱ्या) आपल्याकडे जपून ठेवलेल्या असाव्यात. त्या नसतील तर डम्प हाती असूनही स्टॅकवर (कोणत्या फंक्शनने कोणाला कॉल केले त्या उतरंडीवर) फक्त आकडे दिसतात. डीएलएल देणाऱ्या कंपनीच्या पीडीबी सहसा मिळत नाहीत. अशा वेळी डिबगर जवळच्या एक्स्पोर्ट केलेल्या फंक्शनचे नाव दाखवून पुढे अंतर लिहितो. ते अंतर हजारांत असेल, तर त्या नावावर विश्वास ठेवू नये. कोसळलेला कोड बहुधा त्या फंक्शनचा नसतो, मध्ये दुसरी अनामिक फंक्शने असतात.

स्टॅकवर काय दिसले

डम्प विनडीबीजी या मायक्रोसॉफ्टच्या डिबगरमध्ये उघडला. आधी ॲनालाइझचा आदेश, मग अपवादाच्या क्षणाचा संदर्भ लावून स्टॅक. खाली डीएलएलचा सिरियल पोर्ट वाचणारा थ्रेड (स्वतंत्रपणे चालणारा कामाचा धागा) होता, त्याच्या वर डीएलएलमधीलच दोन चौकटी (एकेका फंक्शन कॉलच्या नोंदी), आणि सर्वांत वर कोणत्याही मॉड्यूलमध्ये न बसणारा एक उघडा पत्ता. म्हणजे डीएलएलने एका फंक्शन पॉइंटरवर उडी मारली होती आणि तेथे चालवण्याजोगे काही उरलेले नव्हते.

डीएलएलकडे आमचा एकच फंक्शन पॉइंटर होता, तो वजनाच्या कॉलबॅकचा, म्हणजे सुरुवातीला नोंदवून ठेवलेल्या त्या फंक्शनचा. संशय पक्का करण्यासाठी नोंदणी करताना त्याच्या डेलिगेटचा (सी शार्पमध्ये फंक्शनचा संदर्भ धरणाऱ्या वस्तूचा) नेटिव्ह पत्ता डॉट नेटच्या मार्शल या वर्गाच्या (क्लासच्या) मदतीने काढून नोंदवहीत लिहिण्याची एक ओळ मी घातली आणि पुढच्या क्रॅशची वाट पाहिली. चार दिवसांनी तो आला. सकाळी प्रोग्राम सुरू होताना लिहिलेला पत्ता आणि दुपारी कोसळतानाचा पत्ता यांत अवघ्या काही बाइटांचे अंतर होते. त्या क्षणी ऊन, यूपीएस आणि केबल या तिन्ही गोष्टी निर्दोष सुटल्या.

यामागील यंत्रणा अशी आहे. सी शार्पमधील डेलिगेट नेटिव्ह फंक्शनला देताना रनटाइम त्याच्यासाठी एक छोटा दुवा बनवतो. त्याला थंक म्हणतात. डीएलएलकडे जातो तो या थंकचा पत्ता. डेलिगेट जिवंत आहे तोवर थंक जिवंत असतो. ज्या कॉलमध्ये डेलिगेट दिला तो कॉल संपेपर्यंत रनटाइम त्याला सांभाळतो, पण डीएलएलने तो पत्ता पुढील वापरासाठी स्वतःजवळ ठेवला आहे हे रनटाइमला कळण्याचा मार्ग नाही. मॅनेज्ड बाजूला त्या डेलिगेटकडे जाणारा एकही संदर्भ उरला नाही की गार्बेज कलेक्टर (न लागणारी मेमरी मोकळी करणारी रनटाइमची यंत्रणा) तो उचलतो आणि थंकही त्याच्यासोबत जातो. डीएलएल मात्र जुन्या पत्त्यावर कॉल करत राहते. मोकळी झालेली ती जागा लगेच दुसऱ्या कोणाला दिली जातेच असे नाही, म्हणून क्रॅशही लगेच येतोच असे नाही, आणि ती जागा नव्या डेलिगेटला मिळाली तर भलतेच फंक्शन कॉल होऊ शकते.

हे ज्ञान आमच्याकडे नव्हते असे नाही. डेलिगेट हा एखाद्या वर्गाच्या फील्डमध्ये ठेवावा हा सल्ला माहीत होता आणि तो पाळलेलाही होता. चूक त्याहून एक पायरी मागे होती. ते फील्ड ज्या वर्गाचे होते तो लॉगिनच्या खिडकीचा वर्ग होता. प्रोग्राम सुरू होताना काटा जोडला गेला की नाही हे लॉगिनच्या वेळीच दाखवावे म्हणून कॉलबॅकची नोंदणी कोणीतरी तेथे केली होती. भाऊंनी पासवर्ड टाकला, मुख्य खिडकी उघडली, लॉगिनची खिडकी बंद झाली, आणि तिच्या वस्तूकडे (ऑब्जेक्टकडे) जाणारा संदर्भ संपला. फील्डमध्ये ठेवलेला डेलिगेट आपल्या मालकासह निराधार झाला.

मग तो लगेच का उचलला गेला नाही, हा प्रश्न उरतो आणि हंगामाचे कोडे येथेच सुटते. डॉट नेटचा गार्बेज कलेक्टर वस्तूंच्या तीन पिढ्या मानतो : शून्य, एक आणि दोन. सफाईतून वाचलेली वस्तू पुढच्या पिढीत जाते. सुरू होताना गिऱ्हाइकांची आणि गाड्यांची यादी वाचताना बऱ्याच वेळा सफाई होते, आणि लॉगिनची खिडकी तोवर उघडी असल्याने तिची वस्तू डेलिगेटसह दुसऱ्या पिढीत जाऊन बसते. दुसऱ्या पिढीची सफाई क्वचितच होते. गर्दी नसलेल्या दिवशी, चाळीस-पन्नास गाड्यांच्या कामात, ती संध्याकाळपर्यंत होतच नसे. पण प्रत्येक फोटोसाठी आम्ही पिक्सेलची एक बाइट मालिका (ॲरे) घेत होतो. १२८० बाय ७२० च्या चित्राला पिक्सेलमागे तीन बाइट धरले, तर ती २७,६४,८०० बाइटची होते. ८५,००० बाइट किंवा त्याहून मोठी वस्तू लार्ज ऑब्जेक्ट हीपवर जाते आणि त्या हीपची सफाई दुसऱ्या पिढीबरोबर होते. हंगामात गाड्या वाढल्या की फोटो वाढतात, लार्ज ऑब्जेक्ट हीप भरतो, दुसऱ्या पिढीची सफाई सुरू होते, आणि लॉगिनच्या खिडकीचे अवशेष उचलले जातात. भाऊंच्या वहीतील "फोटोनंतर" या शब्दाचा अर्थ असा होता.

ऑफिसमध्ये हा दोष का दिसत नव्हता याचेही उत्तर मिळाले. आम्ही चाचणी करताना दहा-वीस पावत्या काढत होतो, तेवढ्याने दुसऱ्या पिढीपर्यंत काही पोहोचत नव्हते. शिवाय डिबग बिल्डमध्ये फंक्शनमधील स्थानिक चल फंक्शन संपेपर्यंत जिवंत मानले जातात, तर रिलीझ बिल्डमध्ये शेवटच्या वापरानंतर ते उचलले जाऊ शकतात. म्हणून "माझ्या मशीनवर चालते" हे वाक्य अशा दोषाच्या बाबतीत पुरावा म्हणून धरू नये.

हा दोष मुद्दाम घडवून आणायचा असेल, तर चाचणीच्या प्रोग्राममध्ये एक वेगळा थ्रेड ठेवून अर्ध्या सेकंदाला संपूर्ण सफाई सक्तीने करावी. डॉट नेट फ्रेमवर्कमध्ये यासाठी मॅनेज्ड डिबगिंग असिस्टंटही आहेत. त्यांतील एक, उचलल्या गेलेल्या डेलिगेटवर कॉल आला की स्पष्ट शब्दांत तसे सांगतो; दुसरा, नेटिव्ह बाजूकडून मॅनेज्ड बाजूत येताना प्रत्येक वेळी सफाई घडवतो. नव्या डॉट नेटमध्ये (डॉट नेट कोअर आणि त्यापुढील आवृत्त्यांत) हे असिस्टंट नाहीत, पण तेथे असा कॉल आल्यास प्रक्रिया बंद होताना डेलिगेटच्या प्रकाराचे नाव असलेला संदेश मिळतो, ही मोठी सोय आहे.

दुरुस्ती, आणि तिच्यातील बारकावे

आम्ही काट्याच्या जोडणीसाठी एक स्वतंत्र वर्ग केला. डेलिगेट त्याच्या फील्डमध्ये, आणि त्या वर्गाची एकच वस्तू मुख्य प्रोग्रामच्या स्थिर (स्टॅटिक) चलात. डीएलएलकडील नोंदणी जितका काळ टिकते तितकाच काळ हा मालक टिकतो, ही अट महत्त्वाची आहे. नुसते "फील्डमध्ये ठेवले" एवढे पुरत नाही. डेलिगेटला मेमरीत खिळवून ठेवण्याची, म्हणजे पिन करण्याची, गरज नसते. सफाईत डेलिगेट हलला तरी थंक हलत नाही. फक्त तो जिवंत हवा.

बंद करतानाचा क्रम चुकला तर हाच क्रॅश मागच्या दाराने परत येतो. आधी डीएलएलला वाचन थांबवायला सांगावे, तिचा वाचणारा थ्रेड संपल्याची खात्री करावी, आणि मगच डेलिगेटवरचा हात काढावा. आमचा कॉलबॅक डीएलएलच्या थ्रेडवर चालतो, त्यामुळे खिडकीवर आकडा लिहिण्यासाठी त्यातून थांबून राहणारा इन्व्होक वापरला, तर बंद करताना दोन्ही थ्रेड एकमेकांची वाट पाहत अडकतात. न थांबणारा बिगिन इन्व्होक वापरावा. कॉलबॅकमधून कोणताही अपवाद बाहेर पडू देऊ नये, कारण नेटिव्ह चौकटी ओलांडून जाणारा मॅनेज्ड अपवाद डीएलएलचे कुलूप (लॉक) किंवा बफर कोणत्या अवस्थेत सोडून देईल याचा भरवसा नसतो.

पुढच्या हंगामात पुन्हा फोन

आंबिया बहार सुरळीत गेला. त्यानंतर काट्याचा इंडिकेटर बदलला, त्याच कंपनीची नवी डीएलएल आली, आणि मृग बहारात भाऊंचा पुन्हा फोन आला. या वेळी मी जुन्याच दोषाकडे बोट दाखवायला निघालो होतो, पण इव्हेंट व्ह्यूअरने थांबवले. नोंद १०२३ ची होती, निर्गमनाचा क्रमांक ८०१३१५०६, आणि मॉड्यूल म्हणून खुद्द रनटाइमची सीएलआर डीएलएल. लक्षण तेच, खिडकी नाहीशी होण्याचे, आजार निराळा.

८०१३१५०६ दिसला की मायक्रोसॉफ्टच्या रनटाइममध्ये दोष आहे असे मानण्याआधी आपल्या सीमेवरील प्रत्येक बफर तपासावा. गार्बेज कलेक्टर हीपवरील वस्तू एकामागून एक तपासत जातो आणि वाटेत मोडकी वस्तू लागली की कोसळतो. ती मोडणारा केव्हाच निघून गेलेला असतो. त्यामुळे अशा डम्पमधील स्टॅक जवळजवळ निरुपयोगी असतो. उपयोगी असतो तो हीप. एसओएसमध्ये हीप पडताळण्याचा व्हेरिफायहीप हा आदेश आहे. तो चालवल्यावर एका वस्तूपाशी येऊन तो थांबला. प्रत्येक वस्तूच्या आरंभी तिच्या प्रकाराकडे नेणारा मेथड टेबलचा पत्ता असतो. या वस्तूच्या त्या जागी ५२४५५६४एफ असा आकडा होता.

हा पत्ता नव्हता. इंटेलच्या रचनेत बाइट उलट क्रमाने ठेवलेले असतात, म्हणून तो मागून वाचला : ४एफ, ५६, ४५, ५२. आस्की तक्त्यात ही ओ, व्ही, ई, आर ही अक्षरे आहेत. म्हणजे "ओव्हर". एखाद्या वस्तूच्या कपाळावर इंडिकेटरचा "ओव्हरलोड" हा संदेश छापला गेला होता. लगतच्या आधीची वस्तू पाहिली, तर ती ३२ बाइटची आमचीच मालिका होती, जिच्यात आम्ही डीएलएलकडून इंडिकेटरच्या स्थितीचा मजकूर घेत होतो.

पुढचे सरळ होते. बाइटची मालिका नेटिव्ह फंक्शनला देताना रनटाइम तिची प्रत काढत नाही. तेवढ्यापुरती ती जागेवर खिळवून थेट तिचाच पत्ता देतो. जुन्या इंडिकेटरचा मजकूर ३२ बाइटमध्ये बसत होता. नव्याचा ४८ पर्यंत जात होता, पण फक्त भार मर्यादेबाहेर गेला तरच. जादा बाइट शेजारच्या वस्तूवर सांडत होते. नव्या डीएलएलसोबत आलेल्या हेडर फाइलमध्ये (तिच्या फंक्शनांच्या घोषणा असलेल्या) ४८ हा आकडा स्पष्ट लिहिलेला होता. आम्ही ती फाइल उघडली नव्हती, जुनीच घोषणा पुढे चालू ठेवली होती. चूक पूर्णपणे आमची होती. मालिका मोठी केली, आणि ज्या फंक्शनला बफरची लांबीही देता येते त्याची नवी आवृत्ती वापरायला घेतली. शेवटच्या शून्य बाइटसाठीची जागा मोजण्यात धरली आहे की नाही हेही पाहावे.

ज्यांच्याकडे असा स्पष्ट ठसा सापडणार नाही, त्यांच्यासाठी एक युक्ती सांगतो. विंडोजच्या डिबगिंग साधनांतील जीफ्लॅग्जने एखाद्या प्रोग्रामसाठी पेज हीप चालू करता येतो. मग नेटिव्ह मेमरीच्या प्रत्येक मागणीच्या शेवटाला लागून मेमरीचे एक प्रवेशबंद पान ठेवले जाते आणि हद्दीबाहेर लिहिणारा जागेवरच पकडला जातो. पण हे नेटिव्ह हीपला लागू होते, मॅनेज्ड हीपला नाही. म्हणून संशयित मालिका तात्पुरती बाजूला ठेवून तेवढीच जागा मार्शल वर्गाच्या ॲलॉक एचग्लोबलने घ्यावी आणि तिचा पत्ता डीएलएलला द्यावा. आता तीच चूक करणारी ओळ रंगेहाथ सापडते. मागणीचा पत्ता आठ बाइटच्या पटीत ठेवावा लागत असल्याने, ३२ बिटमध्ये दोन-चार बाइटांची सांड कधी कधी जागा परत करतानाच लक्षात येते, हे ध्यानात ठेवावे.

घोषणा हेडरशी ताडून पाहताना

दोन वेळा पोळल्यावर आम्ही डीएलएलची प्रत्येक घोषणा मूळ हेडरशेजारी ठेवून ओळ-ओळ वाचली. तेथे आणखी काही गोष्टी सापडल्या, ज्या अजून फुटल्या नव्हत्या इतकेच. विंडोजवर सी प्लस प्लसमधील लाँग चार बाइटचा आणि सी शार्पमधील लाँग आठ बाइटचा. सी प्लस प्लसमधील बूल एक बाइटचा, तर काही न सांगितल्यास डॉट नेट तो विंडोजच्या जुन्या बूलसारखा चार बाइटचा धरतो. एका स्ट्रक्चरमध्ये यामुळे पुढची सर्व फील्डे सरकलेली होती. डीएलएलने पॅकिंग एकचे ठेवले असेल (फील्डांमध्ये रिकामी जागा सोडली नसेल), तर आपल्या स्ट्रक्चरवरही तसेच लिहावे लागते. कॉलिंग कन्व्हेन्शन (पॅरामीटर देण्याची आणि स्टॅक आवरण्याची पद्धत) सांगितले नाही, तर विंडोजवर डॉट नेट स्टँडर्ड कॉल मानतो आणि सी प्लस प्लसचा कंपायलर सहसा सीडेकल. ३२ बिटमध्ये यामुळे स्टॅकचा तोल जातो. कॉलबॅकच्या डेलिगेटवरही ते वेगळे लिहावे लागते, आणि हे बहुतेक जण विसरतात.

डीएलएलने परत केलेली स्ट्रिंग हा यातील सर्वांत फसवा प्रकार आहे. परतीचा प्रकार स्ट्रिंग असे लिहिले, तर डॉट नेट मजकुराची प्रत काढून मूळ जागा विंडोजच्या कोटास्कमेम या मेमरी वाटपाच्या पद्धतीने मोकळी करतो. डीएलएलने ती जागा स्वतःच्या मॅलॉकने घेतली असेल किंवा ती तिची स्थिर जागा असेल, तर तेथे नेटिव्ह हीप बिघडतो आणि सी००००३७४ दिसतो. परतीचा प्रकार साधा पॉइंटर ठेवावा, मजकूर आपण वाचावा, आणि जागा मोकळी करण्याचे काम जिने घेतली त्या डीएलएलच्याच फंक्शनकडे द्यावे.

क्रॅश झाकण्याबद्दल

डॉट नेट ४, म्हणजे २०१० पासून, मेमरी बिघडल्याचे सांगणारे अपवाद साध्या कॅचमध्ये येत नाहीत. ते येऊ देण्यासाठी एक ॲट्रिब्यूट आहे, आणि आमच्याच एका जुन्या शाखेत तो लावून क्रॅश गिळलेला मला सापडला. तो मी काढून टाकला. नव्या डॉट नेटमध्ये तर तो जुमानलाच जात नाही. मेमरी बिघडल्यानंतरही चालत राहणारा प्रोग्राम काय छापेल याची हमी कोणीच देऊ शकत नाही, आणि आमच्या प्रोग्राममधून बाहेर पडते ती वजनाची पावती असते. तिच्यावरील नेट वजनाने त्या शेतकऱ्याचे पैसे ठरतात. चुकीचा आकडा छापण्यापेक्षा प्रोग्राम बंद पडलेला मला चालतो; निदान गाडी पुन्हा काट्यावर चढवता येते.

डीएलएल बदलता येत नसेल आणि तिच्यावर भरवसाही नसेल, तर तिला वेगळ्या छोट्या प्रोग्राममध्ये ठेवून नेम्ड पाइपवरून (दोन प्रोग्रामना जोडणाऱ्या वाहिनीवरून) फक्त वजनाचे आकडे घ्यावेत. ती कोसळली तर तो छोटा प्रोग्राम पडतो आणि मुख्य खिडकी "काटा जोडलेला नाही" असे प्रामाणिकपणे सांगते. ३२ बिटची डीएलएल ६४ बिटच्या प्रोग्रामला हवी असेल, तरी हाच मार्ग आहे. आम्ही या वर्षी तो घेतला. थोडा जास्त कोड लागला, पण डम्प लहान झाले आणि दोष कोणत्या बाजूचा, हा वाद संपला.

दुरुस्तीची परीक्षा आम्ही अशी केली : इंडिकेटरऐवजी सिरियल पोर्टवर वजने पाठवणारा एक छोटा प्रोग्राम, मध्येच ओव्हरलोडचा सर्वांत लांब संदेश, सेकंदाला दहा कॉलबॅक, अर्ध्या सेकंदाला सक्तीची सफाई, दर मिनिटाला दहा फोटो, आणि पेज हीप चालू. हे रात्रभर चालवले. पेज हीपमध्ये अगदी छोट्या मागणीलाही किमान दोन पाने खर्ची पडतात, त्यामुळे ३२ बिटच्या प्रोग्रामची जागा लवकर संपते. तसे झाल्यास तो फक्त संशयित डीएलएलपुरता मर्यादित ठेवता येतो. चाचणी काट्यावरच्या संगणकावर केली असेल, तर निघण्यापूर्वी जीफ्लॅग्जमधून पेज हीप आठवणीने बंद करावा, कारण ती नोंद रजिस्ट्रीत राहते आणि संगणक पुन्हा सुरू केल्यावरही लागू असते. लोकल डम्प्सची सोय मात्र चालूच ठेवावी, आणि डम्प काउंट पाचाच्या आसपास ठेवावा, म्हणजे डिस्क भरत नाही. भाऊंची वहीही भिंतीवर तशीच आहे.